पॉलीचं पहिलं गिऱ्हाईक

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. ट्रली

मिळालं! शॅननजवळचा वृद्धाश्रम. तिथली आयरिश मॅनेजर ओर्ला चहा ओतत होती, मी धीर करून विचारलं – माझं नर्सच्या पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर फुकटच राहील, पण दर गुरुवारी येऊन मी ते सांभाळेन, शिकवेन, त्याचा वर्षाचा करार करू या? म्हणाली, 'आह, यू आर ग्रँड.' एवढं तर लग्नानंतर निमिष कधी म्हणाला नाही.

नोकरी सोडताना त्याला शब्द दिला होता. ऑक्टोबरअखेर एक तरी करार, नाहीतर परत जुन्या कंपनीत. जुने साहेब जागा राखून आहेत. राखू देत.

११ सप्टेंबर

शॅननला जाऊन आले. ओर्ला दारात जरा दचकली, मग चहा केला. नर्सच्या पाळ्या लावून दिल्या. सॉफ्टवेअरचं नाव 'पाळी' ठेवलं तेव्हा आई म्हणाली होती, 'दुसरं काही सुचलं नाही का गं?' इथे सगळ्या पॉली म्हणतात. बरंय.

२५ सप्टेंबर

करारावर अजून सही नाही. इथे सगळं निवांत. एका नर्सने सुट्ट्यांमधली चूक दाखवली. तिथेच दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. मी कधी न पाहिलेल्या दवाखान्यालाही ती उपयोगी पडेल. याचा मला फार आनंद होतो.

३ ऑक्टोबर

जेवताना ओर्लाचं वाक्य पुन्हा कौतुकाने सांगत होते. आमची लेक स्वरांगी ताटातून मान वर न काढता म्हणाली, 'आई, दॅट मीन्स नो थँक्स.' नऊ वर्षांची पोर! निमिष हसू दाबत भाजी वाढत राहिला. म्हणजे महिनाभर मी बिनबोलावलेली पाहुणी – आणि त्या बिचाऱ्या मला केक वाढत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मलाच हसू आवरेना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेले नाही. कपाटं आवरली.

१० ऑक्टोबर

ओर्लाचा फोन. काल कुठे होतीस? दोघी नर्सच्या सुट्ट्या एकाच दिवशी पडल्या, नुसता गोंधळ! मी कराराचं काढलं. 'पण पॉली फ्री आहे ना?'

'पॉली फ्री आहे, ओर्ला. मी नाही.'

ती खळखळून हसली. मग म्हणाली, कागद पुन्हा पाठव.

१६ ऑक्टोबर

सही झाली. केक आज हक्काने खाल्ला.

३१ ऑक्टोबर

जुन्या साहेबांचा फोन. जागा अजून रिकामी आहे, सोमवारपासून येतेस का?

मी म्हटलं, 'आह, यू आर ग्रँड.'