आमच्याकडे पाठ करून उभे राहणारे मास्तर

सुतारशाळेच्या मास्तरांना नमस्कार,

सुटल्यावर मी एका सुताराच्या कारखान्यात लागलो. नोकरी जाईल या धास्तीने, आधी कुठे होतो ते मालकांना सांगितलं नव्हतं. काल काम संपल्यावर पटाशी पुसून त्यांच्या हातात दिली आणि झडतीसाठी माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. तुरुंगातली सवय! सगळे बघतच राहिले.

"आत होतास का रे?" मालकांनी विचारलं.

"हो."

"आणि एवढा नेटका सांधा करायला तिथेच शिकलास?"

मग मी तुमच्याबद्दल सांगत सुटलो. आम्हा कैद्यांच्या हातात धारदार पटाशा असायच्या आणि तुम्ही खुशाल आमच्याकडे पाठ करून फळ्यावर आकृत्या काढायचात. पहारेकरी ओरडायचा, "मास्तर, यांना शिक्षा भोगायला आणलंय, लाड करून घ्यायला नाही! एक दिवस पाठीत पटाशी घुसेल."

"घुसली तर सरळच घुसेल," तुम्ही म्हणायचात. "मीच शिकवलंय."

तुमच्या त्या पाठीकडे बघूनच मला वाटायचं, आपण अजून माणसांत आहोत.

मालकांनी पटाशी मला परत दिली, "ती चौकट उरकून जा" म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून रंधा मारू लागले.

हे तुम्हाला कळवावंसं फार वाटतं. पण तिथे तुरुंगात प्रत्येक पत्र जेलरसाहेब आधी वाचतात, आणि कैद्यांकडे पाठ करणं नियमात बसत नाही. म्हणून हे माझ्या हत्यारांच्या पेटीतच ठेवतो.

तुमचा,
डावखुरा