बत्तीस-बिटच्या बाजूनं ग्रामसभेचा ठराव

केडगाव, अहिल्यानगर

आदरणीय फैयाजभाई,

धाकट्या चुलतभावाचा, रिझवानचा सलाम. पुण्यात तुम्ही, भाभी आणि इन्शा खुशाल असाल. तुमची कंबर आता कशी आहे? (खुर्चीत बसून दुसऱ्याचं काम वाढवणाऱ्यांना हा त्रास व्हायचाच, असं अम्मी म्हणते. मी नाही.) घरात आपण बोलतो निराळं, पण भांडायला मला मराठीच सोयीची पडते, म्हणून पत्र मराठीत.

विषय तुम्हाला माहीत आहेच. आपण दोघं ज्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमची फुकट हमाली करतो, तिच्यातलं प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रत्येक छोटा प्रोग्राम, प्रत्येक जातीच्या प्रोसेसरवर चाललं पाहिजे, आणि जुन्या बत्तीस-बिटवाल्यांची काळजी माझ्याकडं. चित्रं लहानमोठी करणारं पॅकेज तुमचं. मध्यंतरी त्याची एक चाचणी बत्तीस-बिटवर नापास झाली. फरक किती, तर दशांशाच्या नवव्या घरात. माणसानं दुरुस्ती करावी, निदान मला फोन करावा. पण तुम्ही पडलात विद्वान! तुम्ही पॅकेज कुठल्या प्रोसेसरवर चालतं त्या यादीतून बत्तीस-बिटचं नावच खोडलंत आणि खाली लिहिलंत, 'हे आता कोणी वापरत नाही.' तक्रार बंद. रेशनकार्डावरून नाव काढलं की माणसाची भूक मिटते, ही आपल्याकडची जुनी युक्ती तुम्ही जगभर नेलीत, अभिनंदन. तुमच्या पॅकेजवर विसंबलेली बाकीची पॅकेजंही मागोमाग बाहेर पडली, आणि मेलिंग लिस्टवर हुकूम सुटला की महिनाअखेर वापरणारे दाखवा, नाहीतर बत्तीस-बिट कायमचं बंद. म्हणजे कॉलेजपासूनची माझी सगळी मेहनत मातीत. वाईट वाटलं, भाई. खरंच वाटलं.

वापरणारे शोधायला मी गावी गेलो. तिथं राहीबाईंच्या दूध डेअरीत असला बत्तीस-बिट कॉम्प्युटरचा डबा अजून चालतो, दुधाची पावती काढतो आणि वर गाईचं चित्र छापतो (लहान करून, तुमच्याच पॅकेजनं). मी म्हणालो, वापरणाऱ्यांची मोजणी होते, तिचं बटण तेवढं चालू करा. राहीबाई भडकल्या. "मशीन चालतंय हितं, अन् ते मेलं म्हननारा ह्यो कोन? बटन बिटन न्हाई, ठराव करू!" हिवरे बाजारचं बघून हल्ली आपल्या गावातही सगळं ग्रामसभेतच ठरतं. त्यामुळं गटाराच्या कामानंतर आणि स्मशानभूमीच्या कुंपणाआधी बत्तीस-बिट प्रोसेसरचा विषय घेतला गेला. एकानं विचारलं, ह्याला अनुदान हाय का? नाही म्हटल्यावर निम्मे लोक उठून गेले, उरलेल्यांनी हात वर केले. ठराव एकमतानं मंजूर. ग्रामसेवकानं शिक्का मारला, आणि मी (डोकं फिरलं होतं, दुसरं काय) तो स्कॅन करून मेलिंग लिस्टवर पाठवला.

जर्मनीच्या एका गृहस्थांनी विचारलं, हा गोल जांभळा शिक्का म्हणजे कुठल्या प्रकारची डिजिटल सही? दुसऱ्यानं कळवलं, ठरावानं पॅकेज बिल्ड होत नाही. हेही खरंच. शेवटी मीच बसून तुमची चाचणी दुरुस्त केली. राहीबाई दुधाची फॅट दशांशाच्या एका घरापर्यंत मोजतात आणि सगळ्या गावाचं दूध विकतं. तुम्हाला एक गाय लहान करायला नऊ घरं लागतात!

भाभींना सलाम, इन्शाला प्यार.

तुमचाच (अजून तरी),
रिझवान

ता. क. दुरुस्तीचा पॅच पाठवला आहे. यादीत एक शब्द परत टाकायचा, बस्स. शुक्रवारच्या आत टाका. आणि ठराव तुम्ही नीट वाचलेला दिसत नाही. सूचक म्हणून तुमच्या अब्बांचं नाव आहे. गनीचाचा भर सभेत म्हणाले, "पोरगं माझंच हाय, पर चूक ती चूक."

आणखी एक ता. क. राहीबाईंच्या मुलीनं काल डेअरीत नवा कॉम्प्युटर आणला. जुना डबा त्यांनी मला देऊन टाकला. म्हणजे सध्या जिल्ह्यात वापरणारा मी एकटाच. हे लिस्टवर बोलू नका, आणि गनीचाचांना तर मुळीच कळू देऊ नका. ते नियमाचे पक्के आहेत, पुढच्याच सभेत ठराव मागं घेतील.