काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी

मी, कालमुरात एसेनामानोव, वय शहात्तर, आधी समाजवादी अर्थशास्त्राचा आणि नंतर बाजारी अर्थशास्त्राचा अध्यापक, राहणार काराकोल, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या लाजेपोटी लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. मार्चमध्ये बर्फावरून घसरून खुब्याचे हाड मोडले, पण हाडाचा आणि वारसाहक्काचा काही संबंध नाही, असे शेजारीण लिदिया पाव्लोव्ना सांगते. तिने नोटरीच्या कचेरीत तीस वर्षे टंकलेखन केले आहे, त्यामुळे तिचे ऐकावे लागते.

कलम १. राहते घर, अंगण आणि जर्दाळूची दोन झाडे माझी एकुलती एक मुलगी जिपार हिला मिळावीत. बाजारातला लोखंडी कंटेनर, ज्यात आमचे मोज्यांचे दुकान आहे, तो मी तिला देऊ शकत नाही, कारण तो मुळात माझा नाही. तो माझी पत्नी बुबूश हिने उभा केला. बुबूश गणिताची शिक्षिका होती. शाळेत पगार यायचा बंद झाला तेव्हा तिने आठवडाभर विचार केला आणि मग चौकड्यांच्या दोन पिशव्या घेऊन सीमेपलीकडून माल आणायला निघाली. मी मात्र घरी बसून राज्य परत येण्याची वाट पाहत होतो. बुबूश वारली त्याला आता तेवीस वर्षे झाली, राज्य अजून आलेले नाही.

कलम २. 'संक्रमणकाळाचे नियम' हे माझे पुस्तक. भांडवलशाहीतून समाजवादाकडे देश कसे जातात, ते मी त्यात पायरीपायरीने सिद्ध केले होते. ते १९९० साली छापून आले आणि पुढल्याच वर्षी देश बरोबर उलट दिशेने निघाला. संस्थेने आम्हाला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन बाजारी अर्थशास्त्र शिकवायला उभे केले. मी जुनीच टिपणे शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचू लागलो आणि 'दुर्दैवाने' असेल तिथे 'सुदैवाने' म्हणू लागलो. एकाही विद्यार्थ्याने शंका विचारली नाही. पुस्तकाच्या चाळीस प्रतींपैकी एकोणचाळीस एका हिवाळ्यात चुलीत गेल्या. ऊब चांगली मिळाली, हे मान्य केले पाहिजे. उरलेली एक प्रत कोणालाही देऊ नये. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ३. माझा मित्र तुर्दाकून हा त्याच संस्थेत निरीश्वरवाद शिकवत असे. हल्ली तो मशिदीत पुढे उभा राहून नमाज पढवतो. त्याला हसण्याचा अधिकार मला नाही, पण मी हसतो. माझ्या जनाज्याची प्रार्थना त्यानेच म्हणावी, मात्र लवकर आटपावे. निरीश्वरवादाचा त्याचा तास घंटा झाल्यावरही अर्धा तास चाले आणि पुढच्या तासाचा मी दाराबाहेर ताटकळत असे. निदान त्या दिवशी तरी मला ताटकळत ठेवू नये.

कलम ४. माझ्या मागे रिवाजाप्रमाणे घोडा कापू नये. गावजेवण घालू नये. लोक म्हणतील, "एसेनामानोव गेला आणि साधा रस्साही मिळाला नाही." म्हणू देत. जिवंतपणी माझ्याविषयी याहून वाईट आणि खरे बोलले गेले आहे.

कलम ५. पेटीतली लोकरीची दोरी आणि माझ्या आईची सुरी जिपारला मिळावी.

मूल पहिली पावले टाकू लागले की त्याच्या दोन्ही पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. पोरे लांबून धावत येतात आणि पहिला पोचेल तो दोरी कापतो. मग मूल आयुष्यभर अडखळत नाही. १९७८ साली जिपार उभी राहू लागली तेव्हा माझ्या आईने ही दोरी वळली, शेजारची पोरे बोलावली, कणकेचे बोरसोक तळले. मी त्याच आठवड्यात 'अंधश्रद्धा आणि तरुण पिढी' या विषयावर भाषण दिले होते. मी पोरांना गेटातूनच परत पाठवले. आई एवढेच म्हणाली, "तुझं भाषण तुझ्यापाशी ठेव, दोरी मी ठेवते." तिने ती पेटीत टाकली आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आता जे लिहायचे ते लिहितो. १९९४ साली जिपार सतरा वर्षांची होती. वैद्यकीय शिक्षणाची प्रवेश परीक्षा देऊन ती राजधानीहून आली. महिन्याने पत्र आले. ती पास झाली होती. पत्र माझ्या हाती पडले. बुबूश माल आणायला गेली होती आणि दुकानात जिपार उभी राहत असे. ती गेली असती तर तिथे मला उभे राहावे लागले असते आणि माझे विद्यार्थी मला मोजे विकताना पाहतील, याची मला मरणाची भीती वाटत होती. मी घरात सांगितले की यादीत तिचे नाव नाही. जिपार रात्री जेवली नाही. सकाळी तिने दुकान उघडले. पत्र मी माझ्याच पुस्तकात ठेवले, कारण ते कोणी उघडणार नाही याची मला खात्री होती. ती दुकानात उभी राहिली, तिथूनच तिचे लग्न झाले आणि मोडल्यावर ती तिथेच परत आली.

यंदा तिला, शेहेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा प्रवेश मिळाला आहे, राजधानीत परिचारिकेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला. पण ती जात नाही. मला एकट्याने उठता येत नाही ना.

मला उठता येते. तीन आठवडे झाले. ती दुकानात गेली की मी आधाराची चालायची चौकट धरून स्वयंपाकघरापर्यंत जातो, बोरसोकला जर्दाळूचा जाम लावून खातो आणि ती यायच्या आत पलंगावर कण्हत पडतो. एकोणतीस वर्षांत मी एवढाच सुधारलो. हे तिने मी मेल्यावर वाचावे आणि

वाक्य इथे तुटले, कारण जिपार चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून तिने सगळे वाचले. पुढचे जसे घडले तसे लिहितो, मृत्युपत्रात बसो वा न बसो.

ती म्हणाली, "आबा, पत्र मला अठ्ठ्याण्णव सालीच सापडलं. चुलीत घालायला पुस्तकं फाडत होते तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. ती प्रत तेवढी जाळली नाही."

मला तिच्याकडे बघवेना. मी विचारले, "आणि हे चालण्याचं?"

"जामची बरणी आपोआप रिकामी होत नाही, आबा. मला वाटलं, अजून दोन दिवस बघू. तुमच्या तोंडून एक तरी गोष्ट वेळेवर येते का." मग ती खुर्चीवर बसली आणि रडली. मीही रडलो. मी म्हणालो, "माझं चुकलं, पोरी." हे तीन शब्द मी कोणत्याही तासाला शिकवले नव्हते.

थोड्या वेळाने तिने पेटीतून दोरी काढली. मला वाटले, स्वतःच्या पायांत बांधणार. तिने माझ्या बांधली.

"माझ्या पायांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "अडवून बसलेत ते हे पाय."

सहीसाठी येऊन अंगणात बसलेल्या साक्षीदारांना तिने हाक मारली. तुर्दाकून वय सत्त्याहत्तर, लिदिया वय एकाहत्तर. दोघांना सुरी दाखवून गेटापाशी उभे केले.

"मी या वयात धावू?" तुर्दाकून म्हणाला.

"हळू धाव," लिदिया म्हणाली, "नाहीतरी मीच जिंकणार." आणि जिंकली. तुर्दाकून टोपी सावरत अर्ध्या अंगणात राहिला. लिदियाने दोरी कापली आणि मी चौकट धरून गेटापर्यंत सतरा पावले चाललो. जिपार बाजूने चालत होती, पण तिने हात दिला नाही. ते योग्यच केले.

म्हणून कलम ५ बदलतो. सुरी जिपारला. दोरीचे दोन तुकडे, एक तिला, एक माझ्यासोबत. पुस्तकातले पत्र मी आज ती निघताना तिच्या हातात दिले. जिवंत राहिलो तर तिची दोन वर्षे पुरी होईतो दुकानात मी बसेन. विद्यार्थ्यांनी अवश्य यावे, मोजे चांगले आहेत. यात काही खोटे आढळल्यास ते माझ्या जुन्या सवयीचे समजावे.

साक्षीदार: लिदिया पाव्लोव्ना सोमोवा, शेजारीण.
साक्षीदार: तुर्दाकून मोल्दोशेव, मित्र. (प्रार्थना आटोपशीर म्हणण्याचे तत्त्वतः मान्य.)

ठिकाण: काराकोल, आमचे गेट. सोमवार, २८ ऑगस्ट २०२३. जिपारची बस आत्ताच वळणावरून गेली.

सही: का. एसेनामानोव
(सही उभ्याने केली आहे.)