सारजाबाईचं ‘व्हय?’

अध्यक्ष काकासाहेब,

वेशीवरची तुमची ‘तंटामुक्त गाव’ ही पाटी लई झकास दिसते. सारजाबाईच्या मेंढ्या शेतात शिरल्या म्हणून तुमच्या पुतण्यानं तिचा हात मोडला. काल माझ्या हॉटेलात तुमची तंटामुक्ती समिती बसली. तुम्ही म्हणालात, “तंटा मिटला, सारजाबाई. तू तक्रार माघारी घेतलीस.”

ती म्हणाली, “व्हय?”

लगेच टाळ्या, पेढे! मी भजी तळत होतो, पण माझे कान शाबूत आहेत. तो सवाल होता. तुम्हाला गरिबाच्या तोंडून होकारच ऐकू येतो.

हे पत्र आज धाडलं तर तुम्ही सावध व्हाल, म्हणून ते गल्ल्यातच ठेवतोय. उद्या तिला माझ्या जीपमधून पाचोडच्या ठाण्यात नेतोय. तक्रार माघारी घेतलीस का, असं तिथं विचारलं की ती “नाय” म्हणणार आहे. त्याचा दुसरा अर्थ काढून दाखवा.

तुमचा पेढा न खाल्लेला,
सूर्यभान हॉटेलवाला