चाच्यांनी मोठ्या बाईंना लुटलं

प्रिय आई,
एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेल्या तुझ्या लेकीचा नमस्कार.

घाबरू नकोस, डोळा ठणठणीत आहे! वर्गाला दिशा शिकवायच्या होत्या, म्हणून आम्ही सगळे समुद्री चाचे झालो. मी खजिना बागेत लपवला आणि मुलांना नकाशा दिला. पण नकाशात मी पूर्व-पश्चिमेची अदलाबदल करून ठेवली होती! पोरं थेट मोठ्या बाईंच्या खोलीत घुसली. "खजिना काढा!" बाईंनी हात वर केले आणि मुकाट्याने बिस्किटांचा डबा पुढे केला. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाल्या, "पुढच्या वेळी मलाही पट्टी हवी."

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, पोरगी अजून दिशा चुकते. घराची तेवढी चुकत नाही; जेवायला बसले की खुर्ची आपोआप तिकडे वळते.

तुझीच,
वेंधळी