तुझ्या मोटरसायकलचं इंजिन

पोर्थकेरन,
मंगळवार

प्रिय डेन्झिल,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने आला, तेवढ्यावरून फुशारून जाऊ नकोस. शनिवारी ट्रेलर घेऊन मोटरसायकल न्यायला येतोस, हा तुझा निरोप मिळाला. ये. गॅरेजची किल्ली पूर्वीच्याच जागी आहे. मोटरसायकल पुसून, चाकांत हवा भरून उभी केली आहे. टाकी, सीट, आरसे, दिवे, सगळं जागच्या जागी आहे. फक्त मधलं इंजिन नाही. ‘पुढच्या हिवाळ्यात पुरी करू’ म्हणत तू जी गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होतीस, तिच्यात ते आता बसलं आहे. गाडी पुरी झाली, डेन्झिल. रविवारी कार्न टेकडीच्या शर्यतीत मी ती चालवणार आहे. क्लबाच्या विक्रमांच्या फळीवर घरी बांधलेल्या गाड्यांच्या रकान्यात तुझ्या तरुणपणीच्या गाडीमुळे तुझं नाव अजून मिरवतं आहे ना, ते खाली उतरवायचा माझा बेत आहे.

इथवर वाचून तू लालबुंद झाला असशील. इंजिन माझं, असं ओरडत तुझ्या त्या इसोबेलला हे पत्र वाचून दाखवत असशील. तिला हेही सांग, की तुझं जुनं इंजिन तेलाविना जळालं ते तुझ्याच आळसाने, आणि तू महिनाभर घरात सुतकी चेहऱ्याने वावरत होतास. तुझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी दुसरं आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं होतं, लाल फीत बांधून. त्यासाठी हिवाळाभर रविवारीसुद्धा शिडं शिवायला जात होते मी. तू त्या इंजिनावर हात ठेवून रडलास, आणि मला वाटलं होतं की माझ्यासाठी रडतोस. दिलेली वस्तू परत घेऊ नये म्हणतात. पण मी ती माझ्या नवऱ्याला दिली होती. तो माणूस आता नाही, मग ती परत माझ्याकडेच यायची.

माझी पाठ दुखते, म्हणून मला मागे बसवता येत नाही, असं तू सगळ्यांना सांगायचास. किती काळजी नवऱ्याला, असं क्लबातल्या बायका म्हणायच्या. मीही म्हणायचे. मग त्या दिवशी गॅरेजात तुला चहा द्यायला आले तर तू फोनवर बोलायला बाहेर गेला होतास, आणि मी कपबशी हातात धरून नुसती मोटरसायकलकडे बघत उभी राहिले. मागच्या माणसाने पाय ठेवायच्या दोन्ही फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. मी तर त्यांच्यावर कधी पायसुद्धा ठेवला नव्हता. कोणी मला काही सांगायची गरजच पडली नाही. सांगणारं कोणी नव्हतंही, कारण क्लबात ज्यांना माहीत होतं ते सगळे माझ्या हातच्या सारण भरलेल्या पेस्ट्या खात गप्प बसले होते.

तू घर सोडून इसोबेलकडे गेलास, आणि आठवड्याभरात माझ्या कानावर आलं की तू क्लबात सांगतोस, ‘ती गाडी गंजूनच जाणार. मॉर्वेनाला पान्हा आणि चमचा यातला फरक कळत नाही.’ माझ्याबद्दल तू पुष्कळ बोलला असशील, पण हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. त्याच संध्याकाळी मी ताडपत्री ओढून काढली. मला मदत कुणी केली, असं तू विचारशीलच, तर सांगते, तुझ्या सख्ख्या बहिणीने. बहीण ती तुझी असेल, पण नणंद माझी आहे. केरेन्सा बोटींच्या कारखान्यातलं काम आटोपून येई, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवी आणि तुला शिव्या घालत ठिणग्या उडवी. साचे मी कापत असे. शीड काय आणि पत्रा काय, आधी पुठ्ठ्यावर बसवून पाहिलं की चुकत नाही. मोटरसायकलची साखळी जिथे अडकते, तिथून दांडा काढून मागच्या चाकांपर्यंत न्यायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. केरेन्सा म्हणाली, ‘पोरी, या इंजिनाला मागे जायचा गिअर नसतो हं. चुकलीस तर उतरून ढकलायचं.’ मी म्हटलं, ‘इतकी वर्षं तुझ्या भावाला ढकलत आले, ही तर हलकी आहे.’ ती हसता हसता खालीच बसली.

एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली नसती. मोटरसायकल वळणावर स्वतः कलते, म्हणून तिचं तेल जागेवर राहतं. गाडी ताठ राहते आणि तेल एका बाजूला पळतं. मग इंजिन कोरडं पडतं आणि जळतं. आम्ही तेलाचं भांडं उघडून आत पत्र्याच्या भिंती घातल्या. तू असतास तर म्हणाला असतास, कशाला, एवढ्याशा टेकडीला काय होतंय. एक इंजिन असंच घालवलंस, आणि मला वाटतं आपलं घरही असंच घालवलंस.

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मात्र माझं अवसान गळालं. तोच आवाज. इतकी वर्षं तो गल्लीच्या तोंडाशी आला की मी चहाचं आधण ठेवत होते. मी बटण बंद केलं आणि दाराशी जाऊन रडले, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. मग डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केलं. आता तो आवाज माझ्या उजव्या पायाखाली आहे. मी दाबते तेव्हा तो वाढतो आणि सोडते तेव्हा गप्प होतो. तुझ्या बाबतीत हे सुख मला कधी मिळालं नाही.

हे सगळं तुला न कळवताही भागलं असतं. पण अचानक गाठलं तर तू एखादा विनोद करून निसटशील. निसटण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. म्हणून मी तुला पाच दिवस आधी सांगते आहे. मला कोणी पाच मिनिटंही दिली नव्हती. या पाच रात्री तू जागा राहावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे. आजारी पडू नकोस. पडलास तर का पडलास, ते केरेन्सा सगळ्या क्लबाला सांगेल. रविवारी तू त्या लाकडी केबिनमध्ये माइकसमोर निवेदनाला बसशील, आणि घरी बांधलेली प्रत्येक गाडी रेषेवर आली की तिच्या पोटात कुठलं इंजिन आहे, ते कुणाकडून आलं, हे तू नेहमीसारखं गर्दीला रंगवून सांगशील. ते ऐकायलाच अर्धे लोक येतात. माझी गाडी रेषेवर येईल. यादीत माझं माहेरचं नाव आहे, मॉर्वेना पेनगेली. मी जिंकेन की हरेन, मला ठाऊक नाही. पण चाक हलायच्या आधी तुला बोलावं लागेल. नाव नीट उच्चार, आणि मग सगळ्यांना सांग, डेन्झिल, की हे इंजिन कुठून आलं.

एके काळी तुझीच,
मॉर्वेना