पळसाचं पातळ

रविवार, ८ मार्च १९६४
वैनीच्या महिला मंडळाचं तांदूळवाटप! पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन पळालेली माणसं — नव्या कारखान्यातल्या कामाच्या आशेनं इथं रुळांजवळ ताडपत्रीखाली राहतात. तांदूळ थोडा, म्हणून वैनीचा नियम — फक्त विधवांना. एक बाई पोरीला कडेवर घेऊन उभी होती. निहारबाला. हात ओकेबोके, भांगात काही नाही. वैनीनं तिला विधवांच्या रांगेत घातलं. मी माझं एक पांढरं पातळ दिलं. हे गेले नि मी दादा-वैनीकडे आले, तेव्हापासून माझ्या पेटीत दुसरं आहे तरी काय!

बुधवार, ११ मार्च
बाजारातून येताना ती रेती वाहताना दिसली. अंगावर माझंच पातळ — पण केशरी! पळसाची फुलं उकळून रंगवलेलं. कुठे गडद, कुठे फिकं. मला रस्त्यातच हसू फुटलं. तिला वाटलं, मी रागावले. "दीदी, हम विधवा नहीं. आदमी पीछे छूट गया. आएगा." सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या नदी ओलांडायला होडीवाल्याला दिल्या, सिंदूर वाटेत संपला म्हणे.

मग त्या रांगेत कशाला उभी राहिलीस, बाई?

"खुकी भूखी थी."

पोरीनं खाल्लं. हिच्या घशाखाली मात्र तो भात उतरला नाही. नवऱ्याला मारून जेवल्यासारखं वाटलं तिला.

रविवार, १५ मार्च
वैनीनं ते पातळ पाहिलं. भडका! "फसवलं ना आमाले! दान देलेलं लुगडं रंगवून मिरवून राहिली!" मग जरा निवून तिला म्हणाली, "बस बोल दे, आदमी मर गया. चावल देती हूँ." वैनी दुष्ट नाही. नियम म्हटला की तिला पुढचं काही दिसत नाही, एवढंच. निहारबालानं खुकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल. पण तिनं नकाराची मान हलवली, रिकामी पिशवी घडी केली आणि निघाली.

मी तोंड उघडलं तर — "तुमी चूप बसा, वन्स!" घरी आल्यावर दादाला सांगितलं. तो नेहमीसारखा पेपर वाचत बसला. संताप संताप झाला माझा.

मंगळवार, १७ मार्च
माझ्या वाटचा भात डब्यात घालून नेला. खुकीनं डबासुद्धा चाटला!

शुक्रवार, २० मार्च
खुकी माझ्या मांडीवर झोपली. निहारबालानं विचारलं, "आपका आदमी?" गेले, म्हटलं. "आपने देखा था?" हो, पाहिलं. शेवटचं पाणीसुद्धा मीच तोंडात घातलं. ती माझा हात कुरवाळत राहिली. "हमने नहीं देखा, दीदी."

मी रडले. खूप रडले. घरी मला श्राद्धाच्या दिवशीच काय ते रडायची मुभा!

पण एका डब्यानं दोघींचं भागत नाही. पोरीचे हात काड्यांसारखे झालेत. येताना निहारबालाची पिशवी मागून आणली.

रविवार, २२ मार्च
आज ती पिशवी घेऊन मी विधवांच्या रांगेत उभी राहिले. सगळ्या बायका बघत होत्या. माझी पाळी आली. "मी तर विधवाच आहे ना, वैनी?" पिशवी ओळखून तिचा चेहरा उतरला. एक मापटं घातलं. मग माझ्याकडे न बघता दुसरं घातलं. हळूच म्हणाली, "तिचा माणूस आला त अजून लागन."